न सुटणारा बोल्ट: त्याला धरून ठेवते कोण?

गाडीच्या इंजिनावरील एखादा बोल्ट बसवताना एका हाताच्या जोराने सहज घट्ट होतो, आणि तोच बोल्ट पाच-सहा पावसाळ्यांनंतर काढायला गेल्यास अंगाचा सगळा भार पान्यावर टाकूनही तसूभर हलत नाही, हा अनुभव वाहन राखणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. मधल्या काळात तो कोणी अधिक आवळलेला नसतो. उलट इंजिनाच्या सततच्या थरथरीने तो सैल पडायला हवा, असेच कोणालाही वाटेल. मग ही जादा पकड आली कोठून, आणि ती सोडवण्यासाठी दांडगा जोर लावल्यावर अनेकदा बोल्टच का तुटतो, हे समजून घेण्यासाठी बोल्ट मुळात काम कसे करतो येथपासून सुरुवात करावी लागते.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे, आणि त्याच्या कालव्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर येथे वर्षातील बराच काळ ओल्या मातीतून चालतात; काळी माती यंत्राच्या खालच्या भागाला चिकटून राहते आणि आपल्यातील ओल दीर्घकाळ धरून ठेवते; शिवाय त्याच वाहनांतून खतांची पोतीही वाहिली जातात. ओल आणि क्षार यांची अशी जोड मिळाली की लोखंडाच्या बोल्टाचे वय झपाट्याने वाढते.

आटे, उतार आणि ताण

बोल्टाच्या दांड्यावर कोरलेल्या सर्पिल कडांना आटे म्हणतात. डोंगराभोवती वळसे घेत चढणारा घाटरस्ता जसा मोठी उंची लांब वाटेवर पसरून चढ सोपा करतो, तसा आटा हा दंडगोलाभोवती गुंडाळलेला एक मंद उतार असतो. १० मिलिमीटर व्यासाच्या सर्वसाधारण बोल्टाचा एक पूर्ण फेरा दिला तर तो फक्त दीड मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे या वाटेचा चढ जेमतेम तीन अंशांचा असतो. लोखंडावर लोखंड टेकलेले असताना त्यांच्यातील घर्षण साधारण आठ अंशांच्या उतारावरही वस्तूला घसरू देत नाही, आणि म्हणूनच घट्ट केलेला बोल्ट हात सोडल्यावर आपणहून उलटा फिरत नाही.

बोल्ट आवळला की त्याचे डोके वरच्या भागावर टेकते, आटे खालच्या भागात पुढे सरकू पाहतात आणि मधला दांडा लवचिकपणे ताणला जातो. हा ताणच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. १० मिलिमीटरच्या, डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेल्या बोल्टात योग्य आवळणीनंतर सुमारे अडीच टन वजनाइतका ताण असतो. डोक्यावरील या आकड्यांत पोलादाची ताकद सांगितलेली असते: पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ओढ सोसण्याची क्षमता, आणि दशांशानंतरचा ८ म्हणजे त्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत दांडा ताण काढल्यावर मूळ लांबीला परत येतो.

एवढा ताण निर्माण करण्यासाठी लागणारा पीळ, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर असतो. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १५ किलो वजनाइतका जोर दिल्यास तो मिळतो. या पिळापैकी सुमारे निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणावर मात करण्यात, सुमारे ४० टक्के आट्यांतील घर्षणावर मात करण्यात खर्च होतो आणि ताण निर्माण करण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. बोल्ट सोडवताना मात्र आट्यांचा उतार सोडवणाऱ्याच्या बाजूने असतो, त्यामुळे स्वच्छ आणि कोरडा बोल्ट आवळताना लागलेल्या पिळापेक्षा थोड्या कमी पिळातच सुटायला हवा. तो जास्त पीळ मागत असेल, तर मधल्या काळात त्याच्या आट्यांत काही तरी नवे येऊन बसले आहे, हे निश्चित समजावे.

पकड वाढवणारे तीन घटक

पहिला घटक म्हणजे गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचे ऑक्साइड तयार होते, आणि हा पदार्थ ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. बोल्टाच्या आणि भोकाच्या आट्यांमध्ये मुळात काही शतांश मिलिमीटरचीच फट असते. फुगणारा गंज ती भरून काढतो आणि मग दोन्ही बाजूंना रेटा देऊ लागतो. पाण्यात क्षार मिसळले की ते अधिक चांगले विद्युतवाहक होते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. म्हणूनच पोटॅशसारख्या क्लोराइडयुक्त खताचा चुरा ओल्या बोल्टावर साचणे साध्या पावसापेक्षा जास्त घातक ठरते.

दुसरा घटक दोन वेगळ्या धातूंच्या शेजारातून येतो. आजच्या अनेक इंजिनांचे हेड, म्हणजे सिलिंडरवरील झाकणाचा भाग, ॲल्युमिनियमचे असते आणि त्यातील बोल्ट पोलादी असतात. दोहोंमध्ये ओल शिरली की त्यांच्यात अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटते. लाल गंज दिसत नाही म्हणून असा बोल्ट निरोगी वाटतो, पण त्याची पकड गंजलेल्या बोल्टाइतकीच चिवट असू शकते.

तिसरा घटक उष्णतेचा. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तापमान इंजिनावर भार असताना कित्येक शे अंशांवर जाते आणि इंजिन बंद केल्यावर पुन्हा खाली येते. हजारो वेळा तापून निवलेल्या स्टडवर, म्हणजे डोके नसलेल्या दुतोंडी बोल्टावर, ऑक्साइडचा घट्ट थर चढतो, आधीचे तेल जळून त्याचा कार्बन आट्यांत चिकटतो आणि पोलादही काही प्रमाणात कमकुवत होते. इंजिनावर काम करताना सर्वांत जास्त तुटणारे स्टड याच जागी सापडतात, ते या कारणाने.

बोल्ट का तुटतो?

निरोगी बोल्ट सोडवताना सुमारे निम्मा विरोध डोक्याखालीच होतो आणि तेवढा पीळ दांड्यापर्यंत पोहोचतच नाही. आटे गंजाने जखडलेले असले की परिस्थिती पालटते: डोके थोडेसे हलते, त्याखालचे घर्षण संपते आणि लावलेला सगळा पीळ बारीक दांड्यातून खाली जखडलेल्या आट्यांकडे जातो. दांडा या पिळाने आधी लवचिकपणे वळतो, मग कायमचा वळतो आणि शेवटी बहुधा डोक्याखाली किंवा जखडलेल्या पहिल्या आट्याशी तुटतो.

एक मीटर लांबीचा पाईप पान्याच्या दांड्यावर चढवून त्यावर ३० किलोचा भार दिला, तर बोल्टावर जवळपास ३०० न्यूटन-मीटर पीळ येतो, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टाच्या नेमून दिलेल्या आवळणीच्या सुमारे सहापट. एवढा पीळ तो बोल्ट सोसूच शकत नाही. त्यामुळे लांब पाईप हा मोठ्या बोल्टांसाठी उपयुक्त असला, तरी लहान बोल्टांवर तो बोल्ट मोडण्याचेच साधन ठरतो. अनुभवी मिस्त्री पान्यातून येणारी जाणीव वाचतो: ‘कट्’ असा आवाज होऊन बोल्ट एकदम सुटला तर गंजाचा जोड फुटला, असे समजायचे, पण आवाज न होता तो मऊपणे वळत राहिला, तर दांडा पिळवटतो आहे, तेव्हा ताबडतोब थांबायचे.

पाना लावण्यापूर्वी

यावरून कामाचा क्रम ठरतो: आधी पकड ढिली करायची आणि जोर शेवटी लावायचा. आटे जेथे बाहेर डोकावतात तेथील माती आणि गंज तारेच्या ब्रशने काढून टाकावा, कारण ती घाण आट्यांत ओढली गेली की नवीच अडचण उभी राहते. डोके सहा कोनांचे असेल तर सहा कोनांचीच गोटी, म्हणजे सॉकेट, वापरावी. बारा कोनांची गोटी डोक्याच्या टोकांजवळच पकडते आणि जादा पीळ आला की ती टोके झिजवते. तोंड उघडे असलेला पाना डोक्याला दोनच बाजूंनी धरतो, म्हणून अडलेल्या बोल्टासाठी रिंग पाना किंवा गोटी यांनाच पसंती द्यावी.

मापाचा घोळ जुन्या गाड्यांत विशेष होतो. महिंद्रा अँड महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातील गाड्यांवर अमेरिकी इंचमापाचे बोल्ट आले. अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटरचे असते. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो खरा, पण मधली ०.३ मिलिमीटरची मोकळीक गंजलेल्या बोल्टाचे कोन गोल करायला पुरेशी असते. याच जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, त्यामुळे ते नेहमीच्या दिशेने सोडवू पाहणारा खरे तर त्यांना अधिकच आवळत असे. दिशेची खात्री करणे ही म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी आहे.

तेल आत कसे शिरते?

अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो, या गुणधर्माला केशाकर्षण म्हणतात. द्रव जितका पातळ, तितका तो लवकर शिरतो. म्हणून इंजिन ऑइल या कामी मंद ठरते आणि खास गंज सोडवणारी पातळ तेले उपयोगी पडतात. खेड्यातील गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल वापरण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर उभी आहे. पेट्रोल पातळ असले तरी ते लगेच उडून जाते आणि आगीचा धोका वाढवते, म्हणून ते वापरू नये. जगभर प्रसिद्ध असलेले डब्ल्यूडी-४० हे मिश्रण १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवले गेले. नावातील ४० हा आकडा यशस्वी ठरलेल्या चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे.

या ओढीला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा एक नियम आहे: तेलाला दुप्पट खोल जायचे असेल तर साधारण चौपट वेळ लागतो. पाच मिलिमीटर आत पोहोचायला एक तास लागला, तर वीस मिलिमीटर आत जायला सोळा तास लागतील. तेल टाकून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि रात्रभर ठेवणाऱ्याचे काम सकाळी सोपे होते, यामागे हेच गणित आहे. मधूनमधून पुन्हा तेल टाकणे आणि बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके देणे यांमुळे गंजाच्या थरात बारीक तडे पडून तेलाला नवी वाट मिळते.

ठोका आणि उलटसुलट हालचाल

पोलाद चिवट असते, तर गंज ठिसूळ असतो, आणि अडलेल्या बोल्टावरील बहुतेक उपाय या एका फरकाचा फायदा घेतात. डोक्यावर सरळ बसलेला हातोडीचा ठोका क्षणभर फार मोठा दाब निर्माण करतो. त्या क्षणी आट्यांवरील ओढ कमी होते आणि गंजाचा थर तडकतो, पण क्षण इतका लहान असतो की दांड्याला कायमचे वाकायला अवसर मिळत नाही. हवेवर किंवा विजेवर चालणारे इम्पॅक्ट यंत्र पीळही अशाच लहान लहान धक्क्यांनी देते, म्हणून ते सलग ओढीपेक्षा परिणामकारक ठरते. मात्र ॲल्युमिनियमच्या किंवा ओतीव लोखंडाच्या नाजूक भागावर जोरदार ठोके देणे टाळावे, कारण ओतीव लोखंडही ठिसूळच असते.

बोल्ट किंचित हलला की त्याला एका दमात बाहेर ओढण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. आट्यांतून निघालेला गंजाचा चुरा पुढच्या वळशात साचून पुन्हा जखडतो. पाव फेरा सोडवायचा, अर्धा पाव फेरा मागे आवळायचा, थोडे तेल टाकायचे आणि पुन्हा सोडवायचे, या क्रमाने चुरा बाहेर येतो आणि आटे शाबूत राहतात. अजिबात न हलणाऱ्या बोल्टाला आधी किंचित आवळण्याच्या दिशेने पीळ देऊन पाहण्याची युक्तीही याच कारणाने उपयोगी पडते.

उष्णतेचा उपयोग आणि तिच्या मर्यादा

तापलेला धातू प्रसरण पावतो. पोलादातील १० मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.०२४ मिलिमीटरने मोठे होते, तर ॲल्युमिनियममधील तेवढेच भोक सुमारे ०.०४६ मिलिमीटरने. आकडे लहान दिसतात, पण आट्यांतील फटच शतांश मिलिमीटरची असल्यामुळे एवढा फरकही पुरतो. म्हणून ताप नटाला किंवा बोल्ट ज्या भागात रुतला आहे त्याला द्यावा. फक्त बोल्ट तापवला तर तो स्वतःच फुगून अधिक घट्ट होतो. तरीही काही वेळा बोल्टच तापवून पूर्ण निवू दिला जातो, कारण या फुगण्या-आक्रसण्यात गंजाचा थर फुटतो. तापलेल्या आट्यांवर मेणबत्तीचे मेण लावले तर ते वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

येथे तीन मर्यादा काटेकोरपणे पाळाव्या लागतात. आच लावण्यापूर्वी जवळच्या इंधनाच्या नळ्या, तेलाची गळती, रबराचे भाग आणि बॅटरी यांपासून धोका नाही याची खात्री हवी, आणि आगीवर टाकायला कोरडी वाळू किंवा अग्निशामक हाताशी हवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्याचे इंजिनातील मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला हार मानतात, आणि लोखंडासारखे लाल होऊन ते धोक्याची सूचना देत नाहीत. लालसर होईपर्यंत तापलेल्या ८.८ दर्जाच्या बोल्टाचे मूळ बळ टिकत नाही, म्हणून तो सुटला तरी परत न वापरता नवा बसवावा.

सिलिंडर हेडचे बोल्ट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच काढावेत, आणि तेही कडेकडून मध्याकडे, प्रत्येकाला थोडे थोडे ढिले करत. एकाच बाजूचा सगळा ताण अचानक काढला तर हेड वाकते, आणि मग बोल्टापेक्षा कितीतरी मोठा खर्च अंगावर येतो.

तरीही तुटला तर

दांड्याचा भाग पृष्ठभागाच्या वर उरला असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा गावाकडच्या वेल्डरलाही जमणारा आणि खात्रीचा उपाय आहे. त्यात धरायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही फुटतो. दांडा आत तुटला असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून ड्रिलने भोक पाडावे लागते. त्या भोकात बोल्ट काढणारा उलट्या आट्यांचा दांडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, ठोकण्याची पद्धत प्रचलित असली, तरी तो अतिशय कठीण आणि ठिसूळ पोलादाचा असतो. आतच मोडला तर साधे ड्रिल त्याला भेदू शकत नाही. अशा वेळी भाग उतरवून लेथ मशीनच्या कारखान्यात नेणेच शहाणपणाचे ठरते.

चौकट: कामाचा क्रम

- फिरवण्याची दिशा आणि मापाची पद्धत, इंच की मिलिमीटर, आधी तपासावी.
- ब्रशने आटे साफ करून पातळ तेल टाकावे आणि शक्य असल्यास रात्रभर थांबावे.
- सहा कोनांची घट्ट बसणारी गोटी लावून हलके ठोके द्यावेत.
- आधी किंचित आवळावे, मग सोडवावे. हलल्यावर मागे-पुढे करतच बाहेर काढावे.
- तेल आणि ठोके अपुरे पडले तरच आसपासच्या भागाला ताप द्यावा.
- आवाज न होता बोल्ट मऊपणे वळू लागला तर तत्काळ थांबावे.

पुढच्या वेळेची तयारी

बोल्ट परत बसवताना त्याचे आटे स्वच्छ करून, एक्झॉस्टसारख्या तापणाऱ्या जागी उष्णतेत न जळणारे ग्रीस लावले, तर ओल आत शिरत नाही आणि गंजाला वावच मिळत नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रीसमुळे घर्षण घटते, आणि पिळाचा बहुतेक भाग घर्षणातच खर्च होत असल्यामुळे, तेवढ्याच पिळाने बोल्टात आता कितीतरी जास्त ताण निर्माण होतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांना लावला तर बोल्ट बसवतानाच त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जाऊ शकतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील आकडा कोणत्या स्थितीसाठी आहे हे पाहूनच टॉर्क पाना वापरावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार आणि डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना बोल्ट आवळण्याचे आकडे शिकवले जातात. त्यासोबत बोल्टाला धरून ठेवणारा ताण, घर्षण आणि गंज यांचे नाते त्यांना आणि वाहन बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला उमगले, तर तुटलेले स्टड, वाकलेली हेड आणि ऐन हंगामात उभी राहिलेली वाहने यांची संख्या निश्चित घटेल. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही; पावसाळा संपताच गाडीखालची माती धुऊन काढणे, उघड्या आट्यांना तेलाचा हात देणे आणि अडलेल्या बोल्टाला एक रात्र देणे, एवढ्या तीन सवयी सिद्धेश्वरसारख्या गावातील कोणत्याही गॅरेजला आणि घराला परवडणाऱ्या आहेत.